मोहरमातली मोजणी

मोजणीत मी एकही आकडा खोटा लिहिला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात माझ्या बाजूनं बोलण्यासारखं एवढंच आहे.

मी पुण्यात एका सल्लागार कचेरीत नोकरी करतो. रस्ता कुठून न्यावा, पूल कुठं बांधावा, कुठल्या गावाला स्टेशन द्यावं, याचे जाडजूड अहवाल आम्ही लिहितो, आणि ज्यांना निर्णय घ्यायचा असतो ते त्यातलं शेवटचं पान वाचतात. काही वर्षांपूर्वी आमच्याकडं वेगवान रेल्वेचं काम आलं. पुण्याकडून साताऱ्यावरून कऱ्हाडपर्यंत ती कशी जाणार हे जवळजवळ ठरलेलं होतं. प्रश्न होता कऱ्हाडच्या पुढचा. तिथून कागदावर दोन फाटे काढले होते. एक मलकापूरवरून महामार्गाला धरून सरळ दक्षिणेला, आणि दुसरा पूर्वेला वळून कडेगाव, तासगाव करत सांगलीकडं. दोन्ही एकदम बांधणं शक्य नव्हतं. पहिल्या टप्प्यात कुठला तुकडा घ्यायचा आणि कुठला मागं ठेवायचा, हे आम्ही सुचवायचं होतं. मागं म्हणजे किती मागं, हे बैठकीत कुणी विचारत नसे. सगळ्यांना अंदाज होता.

मी कडेगाव तालुक्यातला. वडील सैन्यातून सुभेदार होऊन परतले आणि उसात रमले. आमच्या भागाला सगळं मिळतं, फक्त शेजारच्याला मिळून झाल्यावर. रस्ता रुंद व्हायचा तर आधी त्यांचा, दवाखाना यायचा तर आधी त्यांच्याकडं. लहानपणापासून हे ऐकत आलेल्या माणसाच्या हातात एक दिवस असा कागद येतो, की ज्याच्यावर आपल्या गावाचं नाव आहे आणि शेजारी रिकामी चौकट आहे. त्या चौकटीत पहिला टप्पा लिहायचा की दुसरा, ते त्याच्या मोजणीवर ठरणार असतं. मला मोह झाला असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे मला घाई झाली होती. गावात कुणीतरी म्हणावं, अमक्याच्या पोरानं गाडी आणली, एवढंच मला हवं होतं. गाडीत कोण बसणार याचा विचार मी नंतर केला.

दोन्ही रस्त्यांवर तेच तीन दिवस माणसं आणि वाहनं मोजायची असा नियम होता. दिवस साधे हवेत. सण नको, बाजार नको, लग्नाची दाट तिथी नको, कारखान्यांचा हंगाम नको. ही नियमांची यादी मीच तयार केली होती, म्हणजे मला नियम माहीत नव्हता असं म्हणायचीही सोय नाही. दिवस निवडायचं काम आमच्या कचेरीच्या प्रमुख मॅडमनी माझ्यावर सोपवलं, कारण मी तिकडचा. मी पावसाळ्यातले तीन दिवस काढून दिले. मॅडमनी कॅलेंडर पाहिलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"चौथ्या दिवशी मोहरमची सुट्टी आहे. आधीच्या तीन दिवसांत तिकडं काही विशेष असतं का?"

"काही नाही," मी म्हणालो.

काय असतं ते आता सांगतो. कडेगावच्या ताबुतांचं नाव सगळीकडं आहे, लांबलांबून माणसं बघायला येतात. आमच्या गावचा ताबूत त्यांच्यापुढं बुटका, पण आमचा. सात मजल्यांचा. बांबू, सुतळी, रंगीत कागद आणि बेगड. खिळा एकही नाही. तो वरून खाली बांधतात. आधी कळस, मग कळसाखालचा मजला, मग ते सगळं उचलून धरायचं आणि खाली पुढचा मजला बांधायचा. एकेका मजल्याचा मान एकेका घराचा, त्यात मुसलमान किती आणि हिंदू किती हे मी मोजायला गेलो तर गावातली माणसं हसतील. कळसाखालचा मजला चाचांच्या घरचा. चाचा एरवी शिंपीकाम करतात. माझ्या शाळेच्या चड्ड्यांपासून लग्नाच्या कोटापर्यंत सगळं त्यांनीच शिवलं, आणि तीस वर्षं ताबुताचा सगळा मेळ त्यांच्याच हातात आहे. सगळ्यात खालचा, उचलायच्या वाशांचा मजला आमच्या घरचा. शेवटच्या दिवशी वायरमन येऊन रस्त्यावरच्या तारा उतरवतो, ताबूत गावातून निघतो, ओढा ओलांडून माळावर जातो आणि तिथं शेजारच्या गावच्या ताबुताला भेटतो. त्या भेटीसाठी मुंबई, सुरत, भिवंडी, जिथं जिथं आमची माणसं पोटापाण्याला गेली आहेत तिथून ती येतात. आणि ती शेवटच्या दिवशी येत नाहीत. बांधायला हात लावायचा असतो, म्हणून तीन-चार दिवस आधी येतात.

आमच्या वर्षातल्या सगळ्यात भरलेल्या दिवसांना मी "काही नाही" म्हणालो होतो.

मोजणारी माणसं ठेक्यानं आणलेली, नगरकडची. त्यांना आमच्याकडचं काय कळणार. फाट्यावर छत्री लावून ती बसली आणि रेघा ओढत राहिली. गाड्या थांबवून विचारायचं, कुठून आलात, कुठं चाललात, कशासाठी. कशासाठीच्या रकान्यात बहुतेकांनी एकच उत्तर दिलं होतं. घरी. पुण्यात बसून मी ते कागद चाळले तेव्हा प्रत्येक पानावर खालपर्यंत तेच होतं, आणि ते एकदम खरं होतं. त्याच तीन दिवशी मलकापूरच्या फाट्यावरही मोजणी झाली. तिकडं ते दिवस साधेच होते. त्या रस्त्यावरची माणसं रोजच्यासारखी कामाला गेली आणि रोजच्याइतकीच भरली. त्यांचं यात काय चुकलं होतं, हा प्रश्न तेव्हा मला पडलाच नाही.

आमचा तुकडा पुढं गेला. तक्त्यात थोड्या फरकानं, पण गेला.

आणखी एक कागद होता. तो मी सहज विसरून गेलो असतो, पण आता तोच जास्त टोचतो. प्रत्येक गावचा एक तक्ता असतो. रेल्वेचा पूल जिथं गावचा रस्ता ओलांडणार, तिथून खालून काय काय जातं ते लिहायचं. ट्रक, एसटी, उसाची ट्रॉली, कडब्याची गाडी. त्यावरून पुलाची उंची ठरते. शेवटचा रकाना होता, खालून जाणारी उंच मिरवणूक असल्यास ती आणि तिचा दिवस. मी पेन उचललं आणि ताबूत लिहायला गेलो. मग लक्षात आलं की दिवस लिहिला तर मॅडम विचारणार, ही एवढी मिरवणूक आहे तर माणसं कधीपासून येतात. मी पेन खाली ठेवलं. रकाना कोरा राहिला. आणि मार्ग तर बरोबर गाव आणि माळ यांच्यामधून काढलेला होता.

एक लपवण्यासाठी दुसरं लपवावं लागतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण तो रकाना सोडताना मी चाचांचा मजलाही सोडतोय हे डोक्यातच आलं नाही. तीस वर्षं ज्यांनी ताबूत बांधला त्यांच्या अंगणात खेळलेला माणूस मी. बाहेरचा कुणी असता तर त्यानं निदान गावात विचारलं तरी असतं.

पहिल्या टप्प्यात आमचा तुकडा सुचवला आहे ही बातमी गावात माझ्या आधी पोचली. चौकात मांडव टाकला, लाउडस्पीकर लावला आणि मला बोलावलं. सुचवलं आहे, ठरलेलं नाही, हे मी चारचारदा सांगितलं. कुणाला ऐकायचं नव्हतं, आणि मलाही ते फार मोठ्यानं सांगायचं नव्हतं. फेटा चाचांनी बांधला. बांधता बांधता माझ्या कानाशी म्हणाले, "मान ताठ ठेव रं. हलवतूस का सारखी?" वडील समोरच्या खुर्चीत सैन्यातल्यासारखे बसले होते. त्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवलेल्या मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिल्या. तो फेटा मी घरी आल्यावर सोडला नाही, तसाच खुंटीला लावला. आज तो तिथंच आहे आणि मला त्या खोलीत झोपायला आवडत नाही.

थोड्याच महिन्यांत आखणीची माणसं आली. शेतातून लाल-पांढरे खुंट रोवले गेले. ओढ्याच्या रस्त्यावर दोन खुंट समोरासमोर आले, आणि आखणीवाल्यानं गावातल्या चार जणांना हात वर करून दाखवलं, पूल साधारण एवढ्या उंचीवरून जाणार. बाकीच्यांना ती उंची भरपूर वाटली. चाचांनी खिशातून शिवणाची टेप काढली.

पुढच्या रविवारी मी गावी गेलो तर ते आमच्या ओट्यावर येऊन बसले होते. हातात सुतळीचा गुंडा आणि त्या सुतळीला ठिकठिकाणी गाठी. वडील उसाला पाणी द्यायला गेले होते.

"बस," चाचा म्हणाले. "एक इचारायचं हाय. तुमच्या त्या कागदात आपला ताबूत हाय का रं?"

"न्हाई, चाचा," मी म्हणालो.

"मला वाटलंच. राहिलं आसंल. लय गावं असत्याल तुमाला." त्यांनी माझ्यासाठी सबबही शोधून दिली, आणि ती ऐकून मला तोंड कुठं लपवावं कळेना. त्यांनी सुतळी ओट्यावर सोडली. प्रत्येक गाठ म्हणजे एक मजला. "मी मापून बघितलं. एका मजल्यानं अडतंय. बाकी समदं जातंय."

"पूल वर घेता येतो," मी म्हणालो. "सांगितलं तर."

"कशाला? आमच्यापायी तुझं काम मागं पडायला नगं. गाव किती खूश हाय बघ की." त्यांनी एक गाठ बोटात धरली. "एक मजला कमी करायचा. आता कुटला, ते ठरवायला आलोय. आमी वरनं बांधत येतो, तवा ऱ्हातोय त्यो शेवटचा. म्हंजी तुमच्या घरचा."

मला वडिलांचा चेहरा दिसला. साठी उलटली तरी वाशाला पहिला खांदा त्यांचाच असतो. त्या दिवशी ते नवी टोपी घालतात.

"तुज्या वडलास्नी ह्ये मला सांगवंना," चाचा म्हणाले. "दोन दिवस इचार केला. मग म्हणलं, माझाच मजला सोडायचा. कळस ऱ्हाईल, त्येच्याखाली एकदम दुसऱ्या घरचा. कुणाला कळणार बी न्हाई लांबनं. यंदाच तसं करून बघावं, म्हंजी गावाच्या डोळ्यास्नी सवय लागंल."

"चाचा, तुमचा कशाला?"

"मग काय दुसऱ्याचा कापू?" ते जरा रागावलेच. "ठरवायचं माझ्याकडं हाय ना? मग माझाच जाणार."

ठरवायचं माझ्याकडंही होतं, आणि पुण्यात बसून मी ठरवलं तेव्हा माझंच गाव पुढं आणलं होतं. एवढं बोलून चाचा सुतळी गुंडाळायला लागले. मला ओरडून सांगावंसं वाटलं की कागदात ते राहून गेलं नाही, मी मुद्दाम गाळलं. मी सुतळीचं सुटलेलं टोक उचलून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी जाताना माझ्या खांद्यावर थाप मारली, आणि वडील शेतातून आले तेव्हा मी त्यांना चाचा कशाला आले होते हेसुद्धा सांगितलं नाही.

मंगळवारी मी मॅडमच्या खोलीत गेलो. रस्ताभर एक छानसं भाषण तयार केलं होतं, आमच्या भागावर झालेल्या अन्यायाबद्दल. खुर्चीत बसल्यावर त्यातलं एक वाक्यही आठवलं नाही. ते तीन दिवस कुठले होते ते सांगितलं, मला ते माहीत होतं हे सांगितलं, आणि कोरा रकाना का कोरा होता तेही सांगितलं. मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी थोडा चिडलो असतो आणि मला बरं वाटलं असतं.

त्यांनी नकाशा ओढून घेतला, ओढा आणि माळ शोधला. मग विचारलं, "इथं दोन गावांचे ताबूत भेटतात?"

"हो."

"आणि मी विचारलं तेव्हा तुम्ही काही नाही म्हणालात."

त्यांनी मोजणीचं काम माझ्याकडून काढून घेतलं. नोकरी राहिली. मी आता दुसऱ्यांच्या अहवालातल्या चुका तपासतो, आणि त्या कामात मी चांगला आहे असं कचेरीत म्हणतात.

दोन्ही फाट्यांवर पुन्हा मोजणी झाली, अगदी साध्या दिवसांत. मलकापूरचा तुकडा पुढं गेला, आमचा दुसऱ्या टप्प्यात पडला. आमच्या गावच्या तक्त्यात शेवटचा रकाना आता भरलेला आहे. मॅडमनी तो माझ्याकडूनच, माझ्याच अक्षरात भरून घेतला. गाडी आली तर पूल ताबुताएवढा उंच असेल. गाडी कधी येईल हे मी सांगू शकत नाही. गावातल्या कॉलेजच्या पोरींना कऱ्हाडला जायला अजून दोनदा एसटी बदलावी लागते. मी खरं बोललो म्हणून त्यांचं काही भलं झालं नाही. आणि खोटं बोललो नसतो तर गावानं मुळात आशाच लावली नसती. ह्याचा हिशोब मला अजून मांडता येत नाही, आणि तो मांडून मी निर्दोष ठरेन असंही नाही.

गावात त्याचं खापर पुढाऱ्यांवर फुटलं. कुणीतरी पैसे चारले, कुणीतरी वजन वापरलं. पारावर सगळे मला दिलासा देत होते. "तू तुझ्याकडनं केलंस रं," असं ज्यानं-त्यानं सांगितलं. मी ऐकून घेतलं. ऐकून घेणं ही माझी तिसरी चूक, आणि ती मी अजून करतोच आहे.

यंदाच्या मोहरमाला मी पाच दिवसांची रजा टाकून गेलो. चाचांच्या दारात ताडपत्रीखाली ताबूत उभा होत होता. कळस झाला होता, त्याच्याखाली त्यांचा मजला होता, हिरव्या कागदाचा. नेहमीसारखा. मजले खाली येत गेले आणि शेवटी आमच्या घरची पाळी आली. वडील वाशाला सुतळी आवळत मांडी घालून बसले होते. मध्येच मान वर न करता त्यांनी विचारलं, "आरं, ते रेल्वेचं नेमकं झालं काय? तू तर आत हुतास."

"काही नाही, आप्पा," मी म्हणालो. "त्यांचं त्यांनी ठरवलं."

तेच दोन शब्द. तेही आपसूक आले, विचार करावा लागला नाही.

चाचा माझ्या शेजारी बेगड कापत होते. कात्री थांबली नाही. थोड्या वेळानं त्यांनी मला सबिलीचं पातेलं आत न्यायला म्हणून उठवलं. मोहरमात येणाऱ्या-जाणाऱ्याला सरबत पाजायला दारोदार मांडामांड करतात, ती सबील. चाचांची फाट्यावर असते. आत गेल्यावर पातेलं खाली ठेवून ते म्हणाले,

"ती मोजायला आलेली पोरं तीन दिवस माझंच सरबत प्याली. नगरची हुती. छत्रीत बसून बसून घामाघूम. एकाला मी इचारलं, बाबा, ह्या दिसांत काय मोजताय? त्यो म्हणला, साहेबानं ह्येच दिस दिल्यात, तुमच्याच भागातला हाय म्हणं."

म्हणजे फेटा बांधताना त्यांना माहीत होतं. ओट्यावर सुतळी सोडून बसले तेव्हाही माहीत होतं.

"मग त्या दिवशी माझा मजला सोडतो म्हणालात ते?"

"ते खरंच म्हणलं. तू बोलला नसतास तर सोडला असता."

"चाचा, तुमी तवाच का न्हाई बोलला?"

"मी कशाला बोलू? तुझ्या तोंडनं यायला पायजे हुतं." त्यांनी पातेल्यावर फडकं टाकलं. "तुझ्या वरच्या साहेबाला सांगितलंस त्ये कळलं मला. गाडी मागं गेली तवाच कळलं. अजून एक माणूस ऱ्हायलाय."

मी बाहेर आलो. वडिलांनी सुतळीचं टोक माझ्याकडं केलं आणि म्हणाले, "धर. घट्ट वढ." मी धरलं आणि ओढलं. त्यांनी गाठ मारली, ती दोनदा हलवून बघितली आणि समाधानानं पुढच्या गाठीकडं वळले. त्या दिवशी अशा वीस-बावीस गाठी आम्ही दोघांनी मिळून मारल्या, मध्ये हातभराचं अंतर होतं आणि दुसरं कुणी जवळ नव्हतं. मी काही बोललो नाही.